कणगीखालची फळी

मधपेटीच्या बुडाची फळी याही पावसाळ्यात कुजली आणि माश्या पेटी सोडून गेल्या. रोह्याचा सुतार नमिताला म्हणाला, "आंब्याचं लाकूड कुजणारच गो. जुना साग बघ. पाणी प्यायलेल्या सागाला काय होत नाय."

तिला घरातली फळी आठवली. सासूने भाताच्या कणगीखाली टाकलेली, ओल्या जमिनीवर वर्षानुवर्षं पडलेली, तरी धड. सासू पेणच्या बाजाराला गेली होती. नमिताने कणगी रेटली, फळी ओढून काढली आणि पुसायला उलटी केली.

फळीवर तिचंच नाव कोरलेलं होतं.

लग्नाच्या वर्षी तिच्या नवऱ्याने, जनूने, ते आपल्या होडीवर कोरलं होतं. पुढे एका वादळात धरमतरच्या खाडीत तो होडीसकट नाहीसा झाला. ना माणूस मिळाला, ना होडीचं लाकूड. म्हणून नमिता अजून कुंकू लावत होती, रोज धक्क्यावर जात होती.

दारात बाजाराची पाटी आदळली. सासू उभी होती.

"आय, ही कवा गावली तुला?"

"त्याच पावसात. आपल्याच शेताच्या खारबांधाला लागलेली."

"मग मला सांगितलंस का नाय?"

म्हातारी उंबऱ्यातच खाली बसली.

"तू रोज वाट बघायचीस गो. तुझ्याकडं बघून मलाबी वाटायचं, येल तो."