खंड्याची साखळी

खंड्या येईल त्याला चावायचा. म्हणून कुणीही आलं, की फाटकातूनच ओरडायचं, "आवं काकी, कुत्रं बांधा!" मग शालूबाई अंगणातल्या खुंट्याची साखळी वाजवून दाखवायच्या.

त्यानं शेजारच्या रेश्माच्या पोटरीचा लचका तोडला, तेव्हा शालूबाईंनी गावातल्या पोरांना सांगून त्याला तासगावच्या माळावर सोडलं. गावाला ठाऊक होतं, तरी तोंडातली हाक जाईना. शालूबाईही रिकामी साखळी वाजवत राहिल्या. एकटीच्या घरात तेवढीच सोबत.

आज त्या भाकरी थापत होत्या. रेश्मानं हाक मारली. पिठाचे हात झटकून त्या उठणार, तोच अंगणात साखळी वाजली.

रेश्माची पावलं फाटकातून आत आली आणि थबकली.

"काकी, भाईर येऊ नगा," ती हळूच म्हणाली. "रिकामी साखळी तुमच्या दाराकडं ताणलीया."