फुसाए दिसत नाही

“ती दुर्बीण ठेवा बघू खाली. सूप गार होतंय,” इकुयो म्हणाली.

तोकुजीने दुर्बीण हलवली नाही. खिडकीबाहेर बर्फाचा पांढरा माळ पसरला होता आणि माळाच्या पलीकडच्या टोकाला गेंझोचं घर. पूर्वी मधेही घरं होती. माणसं शहरात गेली आणि छपरं बर्फाच्या ओझ्याने बसली. आता या टोकाला तोकुजीचा गोठा, त्या टोकाला गेंझोचा, आणि मधून जाणारी बस. अशा ठिकाणी शेजारणीने पडदा उशिरा उघडला तरी लक्षात येतं. गेंझोची बायको फुसाए तर नववर्षापासून कुणालाच दिसली नव्हती.

“आजही दुधाचे कॅन तो एकटाच ओढतोय,” तोकुजी म्हणाला. “फुसाएने कधी गोठा चुकवलाय?”

“सर्दी झालीय म्हणाला ना.”

“इतके दिवस सर्दी? आणि मागच्या आठवड्यात दुकानातून मीठ नेलं त्याने. पोतंच्या पोतं!”

“दारातला बर्फ वितळवायला नेलं असेल.”

“आजवर फावड्याने काढला, यंदाच मीठ कसं लागलं?”

इकुयोने वाटी त्याच्यापुढे सरकवली. “दुसऱ्याच्या घरात किती डोकावायचं माणसाने?”

तोकुजीने सूप पिऊन टाकलं. त्यात आज काय होतं, हे विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं.

दुपारी तो बटाट्यांची पिशवी घेऊन गेंझोकडे गेला. गेंझोने दार वीतभर उघडलं आणि त्या फटीत स्वतः उभा राहिला. दाढी वाढलेली, डोळे लाल.

“फुसाएसाठी आणलेत. बरी आहे ना?”

“झोपलीय.”

“हाक तरी मारतो. माझा आवाज ऐकून उठेल.”

“नको म्हटलं ना!” गेंझोने पिशवी ओढून घेतली आणि दार लावलं.

परतताना तोकुजी मुद्दाम मागच्या बाजूने गेला. लाकडं ठेवायच्या खोलीला नवंकोरं कुलूप होतं. उंबऱ्यावर मीठ सांडलं होतं.

तो घरी आला तो धापा टाकतच. “मी पोलिसांना कळवतो.”

मुळा चिरता चिरता इकुयोचा हात थांबला. “काही नको. उगाच एखाद्याची अब्रू जायची.”

“आणि एखादीचा जीव गेला असेल तर?”

“फुसाएला काही झालेलं नाही.”

“तुला काय ठाऊक?”

“वाटतं मला तसं,” ती म्हणाली आणि पुन्हा मुळा चिरायला लागली.

तोकुजी गोठ्याकडे वळला. बायका भित्र्या, तिच्यासमोर फोन करण्यात अर्थ नव्हता. त्याला संधी हवी होती, ती दोन दिवसांनी मिळाली. तालुक्याच्या गावी गोधड्यांचं प्रदर्शन होतं. इकुयो चांगला कोट घालून, मोठी बॅग घेऊन निघाली.

“जेवण डब्यांत भरून फ्रीजरमध्ये ठेवलंय. गरम करून घ्या.”

“हो हो. जा तू, बस चुकेल.”

“शिंगवाल्या गाईची कास दुखतेय, हळू हात लावा.”

“अगं, जा ना!”

ती दारात घुटमळली, मग गेली. बस वळणाआड जाताच तोकुजीने फोन उचलला.

हवालदार कुमागाई जीप घेऊन आला आणि तोकुजीला घेऊन गेंझोकडे गेला. गेंझोने काही कटकट केली नाही. किल्ली आणली आणि मागची खोली उघडली. आत लाकडी पिंपं होती. कुमागाईने झाकण उचललं आणि नाक दाबलं.

“कोबी आहे,” गेंझो म्हणाला. “बर्फाखाली ठेवला होता, तो खारवून बघितला. तिचं मिठाचं प्रमाण मला माहीत नाही. सगळा नासला. कोल्हे येतात म्हणून कुलूप घातलं.”

“आणि बायको?” कुमागाईने विचारलं.

“गेली. नववर्षाचं जेवण वाढलं, भांडी घासली आणि गेली. आसाहिकावा शहरात खोली घेऊन राहतेय.”

“मारत होतास?” तोकुजीने विचारलं.

“मारायला मी तिच्याकडे बघितलं तरी पाहिजे ना,” गेंझो म्हणाला. “ती म्हणाली, मी घरात आहे हे तुम्हाला फक्त दूध काढायच्या वेळी आठवतं. लोकांना काय सांगणार होतो मी? म्हणून सर्दी म्हटलं.”

कुमागाई डोकं खाजवत म्हणाला, “मला तिचा आवाज ऐकायला हवा. त्याशिवाय प्रकरण मिटवता येणार नाही.”

“नंबर आहे. पण माझ्या फोनवरून केला की ती उचलत नाही.”

कुमागाईच्या मोबाइलला तिथे रेंज नव्हती. “मग माझ्या घरून करू की,” तोकुजी म्हणाला. खून झाला नाही याचं त्याला बरं वाटलं आणि थोडं वाईटही. जीपमध्ये बसल्यावर त्याला राहवेना.

“बायकोचं मन उडतं, ती निघून जाते आणि नवऱ्याला आधी काही कळत नाही! एकाच ताटलीतलं खाता ना तुम्ही? असा कसा रे तू?”

जीप तोकुजीच्या दारात थांबली.

तोकुजीचं घर उबदार होतं. शेगडीवर इकुयोने ठेवलेली किटली अजून वाफ सोडत होती. तोकुजीने दोघांना बसायला गाद्या दिल्या आणि यजमानाच्या तोऱ्यात फोन मधे आणून ठेवला. कुमागाईने सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकर लावला आणि नंबर फिरवला.

पहिल्याच घंटेला फोन उचलला गेला. आवाज फुसाएचाच होता, अगदी खणखणीत.

“अगं इकुयो, अजून घरीच तू? बस चुकली की काय? मी इथे तुझंही अंथरूण घालून वाट बघत बसलेय.”