जिताड्याचा दिवा

लग्नानंतर पहिल्यांदाच घरी येणारा जावई दुपारी जेवायला यायचा होता, आणि तळ्याच्या काठावरचा दिवा सकाळपासून हिरवाच होता. चांगुणाबाई मात्र जाळं मांडीवर घेऊन काठावरच बसून होती.

माशाच्या मनात भीती उठली की हा दिवा लाल होई. लाल दिव्यात मासा धरला तर थेट तुरुंग. म्हणून गावात आता मासे धरायचं काम, ज्या हातांनी त्यांना खाऊ घातलं त्याच हातांकडे आलं होतं. तळ्यातला हा जिताडा मासा बोटाएवढा असताना चांगुणाबाईने खाडीवरून आणला होता आणि तीन वर्षं पोसला होता.

"उतर ना आता," तिचा नवरा दामोदर काठावरून म्हणाला. "जावयाला काय वालाची भाजी वाढणार?"

ती जाळं घेऊन गुडघाभर पाण्यात उतरली. जिताडा रोजच्यासारखा लगेच जवळ आला. त्याला हुसकावायला तिने पाण्यावर जोरात हात आपटला. तो उसळून पळाला, दिवा लाल झाला आणि तिचा जीव भांड्यात पडला.

"हे काय केलंस?" दामोदर ओरडला.

"घाबरलाय तो. आज राहू दे."

तेवढ्यात तिच्या पोटरीला काहीतरी गार लागलं. घाबरलेला जिताडा लपायला जागा शोधत तळंभर फिरला होता, आणि शेवटी तिच्याच दोन पायांच्या मधे येऊन निवांत थांबला होता.

काठावरचा दिवा पुन्हा हिरवा झाला.