शत्रूच्या किल्ल्यातला वारस

अमेरिकेतल्या शॉमबर्गच्या एका पार्किंग लॉटमध्ये दर शुक्रवारी सुनेत्रा अमनला उतरवायची आणि संजीव त्याला ताब्यात घ्यायचा. गाडीची काच मात्र दोघंही खाली करत नसत. घटस्फोटाच्या केसमध्ये सोमवारी जज अमनलाच विचारणार होते, कुणाकडे राहायचं. त्यामुळे आज संजीवच्या जिभेवर साखर होती.

"हिस्ट्रीचा प्रोजेक्ट कशावर केलास, राजा?"

"एका सामुराई सरदाराच्या मुलावर. वॉरमध्ये त्याला शत्रूच्या किल्ल्यात ओलीस ठेवलेलं."

"तुझ्या आईचेच पूर्वज दिसतात ते शत्रू!" संजीवनं आरशातून मागे सुनेत्राच्या कारकडे खुन्नसनं पाहिलं. "मग मोठा झाल्यावर पोरगा बापाकडेच परत आला असेल ना?"

 

"नाही डॅड. अठराचा झाल्यावर त्यानं दोघांचेही फोन घेणं बंद केलं."