बारावा मेसेज

प्रॅक्टिकलला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माउस हातात घेतला, तशी शर्वाणी मनातल्या मनात पुन्हा मेसेज मोजू लागली.

प्रोग्रॅम कुठे अडकतोय ते कळावं म्हणून तिने चिडून चिडून त्यात बारा मेसेज टाकले होते. सकाळी पुसले अकराच. बारावा कुठे राहिला, आठवेना. नापास झाली तर वर्ष जाणार.

सरांनी ‘नोंदवा’ दाबलं. नाव नोंदलं गेलं. ‘शोधा’ दाबलं. सापडलं. तिच्या जिवात जीव आला.

“छान केलंयस गं,” म्हणत त्यांनी ‘बाहेर पडा’ दाबलं.

स्क्रीनच्या मधोमध मेसेज आला: ‘निघ आता मेल्या, किती डोकं खाशील!’

शर्वाणी थिजली. सरांनी चष्मा पुसून मेसेज पुन्हा वाचला.

“निघतो बाई,” ते म्हणाले, “पण मार्क देऊन निघू, की तसाच?”