संसर्ग कोणाकडून

कमलिनीबाई मुलाला, नचिकेतला, घेऊन दाखल्याच्या खिडकीशी आल्या त्या तणतणतच. "लवकर द्या हो. माझ्या सुनेला स्वाइन फ्लू कोणी दिला, ते नाव मला अख्ख्या गल्लीला वाचून दाखवायचंय."

नाव त्यांनी केव्हाच ठरवलं होतं. धुणंभांडी करणारी शेवंता डोहाळजेवणाच्या आदल्या दिवशी शिंकत होती. परवाच त्यांनी तिला चारचौघांत नाही नाही ते बोलून हाकलून दिलं होतं.

विषाणूचा माग काढणारं यंत्र जरा घरघरलं आणि मृत्यूचा दाखला बाहेर आला. ‘संसर्ग कोणाकडून’ या रकान्यात कमलिनीबाईंचंच नाव होतं.

डोहाळजेवणाला त्यांच्याही अंगात कणकण होती. कार्यात खोडा नको म्हणून त्यांनी गुपचूप तापाची गोळी घेतली आणि खोकला दाबत, सात महिन्यांच्या गरोदर ऋजुताला पहिला घास स्वतःच्या हाताने भरवला.

"यंत्राला नाव कळतं, नातं कळत नाही," कारकून पेन उघडत नचिकेतला म्हणाला. "ह्या कमलिनीबाई तुमच्या कोण? काय लिहू?"

नचिकेतने आईकडे पाहिलंसुद्धा नाही.

"कोणी नाही, असं लिहा."