वळवळतं शेपूट

"पाय हलवू नकोस गं," खानोलकर सर संगणकाच्या पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. उत्कर्षाने गुडघा हाताने दाबून धरला.

तिच्या प्रथिनाचा आकार बघायला लागणारा स्फटिक एकदाचा जमला, तेव्हा सरांनी सगळ्या प्रयोगशाळेला पेढे वाटले होते. पेशीतला नेमका आरएनए ओळखून त्याला धरायचं, हे त्या प्रथिनाचं काम. पण त्याला एक लांब शेपूट होतं. ते सारखं वळवळायचं, म्हणून स्फटिक काही जमत नव्हता. "बिनकामाचं आहे, उडव," सर म्हणाले, आणि तिने उडवलं. प्रथिन कसं गुणी बाळासारखं गप्प बसलं. फक्त आता आरएनए अगदी पुढ्यात आणून ठेवला, तरी ढिम्म!

हे सरांना सांगायचा तिला धीर होत नव्हता. शेवटी काल तिने फ्रीजरच्या तळातून शेपटीसकटचं जुनं प्रथिन काढलं आणि त्यात आरएनए मिसळून पाहिला.

"सर, शेपूटवाल्याने लगेच धरला," तिने कालच्या प्रयोगाचा फोटो पुढे केला. "ते वळवळतं, म्हणूनच त्याला आरएनएच्या कलाने वळता येतं. आपण त्याची बोटंच कापली, सर."

सरांनी फोटो हातात घेतला. "आणि वर पेढे वाटले," ते हळूच म्हणाले.

उत्कर्षाचा पाय पुन्हा हलायला लागला होता. तिने घाईघाईने गुडघ्यावर हात ठेवला.

"राहू दे," सर म्हणाले. "हलू दे."